शाळेचा पहिला दिवस शोधताना

९ जून २०२४, रविवार. सकाळच्या मिस्सानंतर फादरांनी मला चर्चच्या पायरीवर थांबवलं आणि विचारलं, "पुढच्या वर्षी शाळेचा अमृतमहोत्सव आहे. स्मरणिकेतला इतिहासाचा भाग तू लिहिशील का?" मी त्याच शाळेत पाचवी ते दहावी शिकले, माझे दोन्ही भाऊ तिथेच शिकले. मी लगेच हो म्हणाले. दोन महिन्यांत होईल असं वाटलं होतं. स्मरणिका हातात पडली ७ डिसेंबर २०२५ ला, म्हणजे बरोबर दीड वर्षाने.

त्यानंतर वसईतल्याच तीन वेगवेगळ्या शाळांच्या माजी विद्यार्थ्यांनी मला फोन करून एकच प्रश्न विचारला: सुरुवात कुठून केलीस? फोनवर सांगताना अर्धं राहून जातं, म्हणून सगळं क्रमाने लिहून काढते आहे. शाळेचं आणि गावाचं नाव लिहीत नाही. काही गोष्टी इथल्या घरांच्या आहेत आणि त्या घरांना मी तसा शब्द दिला आहे.

एक खुलासा आधीच करते. बाहेरच्या लोकांना 'कॅथोलिक शाळा' म्हटलं की इंग्रजी माध्यम, टाय आणि भरमसाट फी आठवते. वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या आमच्या कितीतरी शाळा मराठी माध्यमाच्या आहेत आणि त्या शेतकऱ्यांच्या मुलांसाठी निघाल्या. आम्ही सामवेदी ख्रिस्ती. घरात कादोडी ही आमची बोली बोलायचो, शाळेत पुस्तकी मराठी शिकायचो. माझ्या आईवडिलांच्या लहानपणी तर मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची; दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे साठच्या दशकात, ती मराठीत आली. पुस्तकी मराठी आमच्या पोरांच्या तोंडी बसली ती शाळेमुळे. याच मातीतले, नंदाखालच्या सेंट जोसेफ मराठी शाळेत शिकलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा आमच्या शाळेतल्या बाईंनी वर्गावर्गात जाऊन पेढे वाटले होते.

पहिली चूक मी पहिल्याच आठवड्यात केली. इतिहास लिहायचा म्हणून १५३४ पासून सुरुवात केली. वसईचा तह, पोर्तुगीज, किल्ल्यातलं येशू संघाचं कॉलेज, संत गोन्सालो गार्सिया, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकलेला किल्ला. चार पानं भरली. फादरांनी ती वाचली आणि शांतपणे म्हणाले, "हे सगळं खरं आहे, पण यात आपली शाळा कुठे आहे?" किल्ल्यातल्या त्या कॉलेजातून आमच्या शाळेपर्यंत येणारा एकही धागा नाही. आमची शाळा स्वातंत्र्याच्या सुमारास, पानवेली आणि फुलं लावणाऱ्या लोकांच्या गावात उभी राहिली. ती चार पानं मी काढून टाकली. तुमच्या शाळेचा इतिहास लिहायला घ्याल तेव्हा गावाच्या इतिहासाला दोन परिच्छेद पुरे.

२४ जूनला मुख्याध्यापिका सिस्टरांना लेखी अर्ज दिला. तोंडी परवानगी मिळाली असती, तरी अर्ज लेखीच द्या आणि पोच घ्या. दीड वर्षात मुख्याध्यापक बदलू शकतात, मॅनेजर फादरांची बदली होऊ शकते, लिपिक निवृत्त होतो. आमच्याकडे यातल्या दोन गोष्टी झाल्याच. ८ जुलैला परवानगी मिळाली, अटींसह. जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या मुलांची नोंदवही, ऑफिसबाहेर जाणार नाही. जात, जन्मतारीख असलेल्या पानांचे फोटो काढायचे नाहीत. काम फक्त शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, साडेबारा ते चार. अटी मला योग्यच वाटल्या. त्या रजिस्टरात माझीही जन्मतारीख आहे.

त्यानंतर तीनच आठवड्यांत, जुलै २०२४ च्या अखेरीस, फादर दिब्रिटो गेले. 'सुवार्ता' मासिकाचे इतकी वर्षं संपादक राहिलेले, हरित वसईच्या आंदोलनात पुढे उभे राहिलेले. त्यांना भेटून जुन्या शाळांबद्दल विचारायचं माझ्या वहीत पहिल्या पानावर लिहिलेलं होतं, 'गणपतीनंतर' अशा शेऱ्यासह. त्या रात्री मी वही उलटी केली. कागद आणखी पन्नास वर्षं राहतील, माणसं राहणार नाहीत. रजिस्टर बाजूला ठेवलं आणि ऐंशीच्या पुढच्या माजी विद्यार्थ्यांची यादी केली. तेवीस नावं निघाली. स्मरणिका छापून येईपर्यंत त्यातली चार माणसं गेली. तिघांशी माझं बोलणं झालं होतं, चौथ्यांकडे मी पोचले नाही. ते अजून मनाला लागून राहिलं आहे.

या भेटींबद्दल सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त हाती लागलं ते इथेच. पहिल्या दोन घरांत "शाळेच्या आठवणी सांगा" म्हटलं, तर दोन्हीकडे "फार शिस्त होती, फादर फार चांगले होते" एवढंच मिळालं. तिसऱ्या घरी एक जुना वर्गफोटो घेऊन गेले आणि विचारलं, "घरून शाळेला कुठल्या वाटेने जायचात?" मग दोन तास बोलणं संपेना. वाट सांगताना माणूस वाटेवरचं सगळं सांगतो. पहाटे उठून मोगऱ्याच्या कळ्या खुडायच्या, त्या दादरला जाणाऱ्या टोपलीत भरून द्यायच्या, मग आंघोळ आणि शाळा. पावसात पाटी डोक्यावर धरायची. आता जिथे शाळेचं मैदान आहे, तिथे बावखल होतं आणि त्याच्या काठाने वाट होती. वसईबाहेरच्यांसाठी सांगते: बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. त्यावर बागा जगायच्या. आमच्या शाळेचं बावखल साठच्या दशकात भरून काढलं, ते भरायला मुलांनीच घमेली वाहिली. आज बावखलं वाचवा म्हणून आपण सभा घेतो आणि आपलं मैदानही एका बावखलावर उभं आहे. हे स्मरणिकेत लिहावं की नाही यावर बरीच चर्चा झाली. मी लिहिलं.

दुपारी बाराला चर्चची घंटा व्हायची तेव्हा गणिताचा तास असो की मराठीचा, सगळे उभे राहायचे. कॅथोलिक मुलं देवदूताची प्रार्थना म्हणायची, बाकीची गप्प उभी राहायची. आगरी आणि वारली मुलंही वर्गात होती. ती धर्मशिक्षणाच्या तासाला दुसऱ्या खोलीत नीतिपाठाला बसायची. एका आगरी आजोबांनी मला सांगितलं, "तुमची प्रार्थना मला अजून पाठ आहे, शिकवली कोणीच नव्हती." पंधरा ऑगस्टला आमच्याकडे दोन सण एकाच दिवशी येतात, स्वातंत्र्यदिन आणि मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण. आधी झेंडा की आधी मिस्सा यावरून गुरुजी आणि फादर यांच्यात दरवर्षी बोलणं व्हायचं. शेवटी झेंडा आधी, असं ठरलं. तो क्रम आजही तसाच आहे.

आणि आणखी एक गोष्ट. सात-आठ जणांनी न विचारता एका म्हातारीचा उल्लेख केला. लाल लुगडं नेसलेली, मधल्या सुट्टीत शाळेच्या विहिरीवर येणारी. ती रहाटाने पाणी काढायची आणि मुलांच्या ओंजळीत ओतायची. पाणी सांडलं तर ओरडायची. कोणी म्हणालं ती चर्चची कामवाली, कोणी म्हणालं शाळेची बाई. नाव कुणालाच सांगता येईना. मी वहीत लिहिलं, 'पाणी देणारी म्हातारी, पगारपत्रकात बघणे.' पगारपत्रकात अशी कोणी बाई सापडली नाही. मी तो विषय सोडून दिला.

मोबाइलवर रेकॉर्डिंग करताना घरातल्या तरुण माणसाला शेजारी बसवा. आजोबांच्या कादोडीतले काही जुने शब्द मलाही कळेनात, त्यांच्या सुनेने सांगितले. रेकॉर्डिंग त्याच रात्री दुसरीकडे उतरवून ठेवा आणि फाइलला तारीख आणि घराचं नाव द्या. माझ्या पहिल्या सहा फाइल नुसत्या आकड्यांच्या राहिल्या, नंतर आवाजावरून माणूस ओळखत बसावं लागलं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये रजिस्टरकडे वळले, आणि पहिल्याच शनिवारी पेच उभा राहिला. शाळेच्या दर्शनी भिंतीवर संगमरवरी पाटी आहे: स्थापना १९५०. जनरल रजिस्टरच्या पहिल्या पानावर पहिली नोंद जून १९४७ ची. महोत्सवाची पत्रकं छापायला गेली होती. अमृतमहोत्सव २०२५ मध्येच आहे की त्याच्या तीन वर्षं आधीच होऊन गेला, हे मला सांगता येत नव्हतं. त्या रात्री झोप लागली नाही. चूक सापडल्याचा आनंद वगैरे काही नव्हता, भीतीच वाटत होती.

इथे जुनी रजिस्टरं वाचण्याबद्दल थोडं सांगायला हवं. पहिल्या नोंदींत इयत्तेच्या रकान्यात 'इंग्रजी पहिली' असं लिहिलेलं दिसेल. ती आजची पहिली नव्हे. पूर्वी मराठी चार इयत्ता झाल्या की इंग्रजी पहिली सुरू व्हायची, म्हणजे आजची पाचवी. इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक, आजच्या हिशेबाने अकरावी. पुढे १९४९ पासून मॅट्रिकच्या जागी एसएससी आली, पण तीही अकरावीलाच होती. दहावीची एसएससी १९७५ पासूनची. हे ठाऊक नसेल तर वर्षांची बेरीज चुकते. आडनावांचंही तसंच. एकाच घरातल्या तीन भावांची आडनावं लोपीस, लोपेस आणि लोपिस अशी तीन तऱ्हांनी लिहिलेली आहेत. रॉड्रिक्स आणि रॉड्रिग्ज, घोन्सालविस आणि गोन्सालवीस यांचंही तेच. लिहिणारे गुरुजी मराठी होते आणि कानाला ऐकू आलं तसं त्यांनी लिहिलं. यादी करताना आडनाव आहे तसंच उतरवा, सुधारू नका. पुढे कुणाला आपल्या आजोबांचा दाखला शोधायचा असेल तर त्याला ते रजिस्टरातलं रूपच लागेल.

आईच्या नावाचा रकाना जुन्या पानांवर नाही. शाळा सोडण्याच्या कारणाचा मात्र आहे. मला विचाराल तर शाळेचा खरा इतिहास त्या एका रकान्यात आहे. 'शेतीकामासाठी', 'घरची अडचण', 'सतत गैरहजर', 'मुंबईस नोकरी'. मुलींपुढे 'घरकाम', आणि थोडं पुढे गेलं की 'लग्न'. साठच्या दशकात धर्मभगिनी गावात आल्या, त्यांनी मुलींसाठी वसतिगृह काढलं, आणि पुढच्या चार-पाच वर्षांत 'घरकाम' हा शब्द हळूहळू विरळ होत जाताना दिसतो. सिस्टरांबद्दल कौतुकाची चार वाक्यं लिहायची होती, ती मी लिहिली नाहीत. त्या रकान्यातले शब्द वर्षांप्रमाणे मांडले, नावं न देता.

आता पाटीचं कोडं. मान्यतेचं मूळ पत्र मिळालं की उलगडा होईल असं सिस्टर म्हणाल्या, पण शाळेत ते सापडत नव्हतं. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला, त्याआधी वसई ठाणे जिल्ह्यात होती. म्हणजे जुना कागद नेमका कुठे असेल हे आधी ठरवावं लागतं. दोन्ही ठिकाणी विचारणा केली. २ डिसेंबरला माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, प्रतींसाठी पानाला दोन रुपये. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. एका कार्यालयाकडून (नाव लिहीत नाही) अठ्ठेचाळिसाव्या दिवशी पत्र आलं: 'सदर नस्ती आढळून येत नाही.' नस्ती म्हणजे फाइल. वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील केलं. सुनावणीला गेले तेव्हा समोरच्या अधिकारी बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि एक मोलाची गोष्ट सांगितली, "मान्यतेची फाइल शोधू नका, अनुदानाची शोधा. अनुदान मागताना मान्यतेची प्रत जोडावीच लागते." अपिलातून कागद मिळाला नाही, पण हे वाक्य मिळालं. अर्ज करताना तुम्हीही 'मान्यता आदेश अथवा त्याची प्रत जोडलेली कोणतीही नस्ती' असं लिहा.

अनुदानाची जुनी फाइल आमच्याच शाळेत, लेखापरीक्षणाच्या कपाटात, मोडक्या पृथ्वीगोलाखाली निघाली. तो दिवस होता १ मार्च २०२५. आत टंकलिखित पत्राची प्रत, जून १९५० पासून इयत्ता आठवीचा वर्ग सुरू करण्यास मान्यता. म्हणजे १९४७ ला चर्चच्या दालनात इंग्रजी पहिली सुरू झाली, ती मुलं एकेक इयत्ता वर सरकली, १९५० ला आठवीत पोचली आणि त्या दिवशी शाळा 'हायस्कूल' झाली. पाटी खोटी नव्हती आणि रजिस्टरही खोटं नव्हतं. पहिली तुकडी १९५४ ला एसएससीला बसली, हा हिशेबही जुळला. मी ऑफिसातल्या बाकावर बसून रडले. सिस्टरांनी काही न बोलता पाण्याचा ग्लास पुढे केला.

चर्चमधल्या वह्यांकडून मला फार आशा होती, ती तितकी पुरी झाली नाही. आमच्या चर्चचे जुने कागद पोर्तुगीजमध्ये आहेत, कारण १९२८ पर्यंत इथली चर्च दमण धर्मप्रांताकडे होती. त्यानंतर मुंबई, आणि २२ मे १९९८ पासून स्वतंत्र वसई धर्मप्रांत. तुम्हाला त्या काळातला पत्रव्यवहार शोधायचा असेल तर आधी साल बघा आणि मग कुणाचं दार ठोठवायचं ते ठरवा. गोव्यातल्या मैत्रिणीच्या आत्याने फोनवरून तीन पानं वाचून दिली. त्यात चर्चशाळेचा उल्लेख आहे, म्हणजे हायस्कूलच्या आधीही मुलांना अक्षरं आणि प्रार्थना शिकवणारं काही तरी होतं. मुंबईला दोन दिवस घालवले. पुराभिलेख विभागात वर्षावर्षाचे शिक्षण अहवाल चाळले, १८५० पासून निघणाऱ्या 'एक्झामिनर' साप्ताहिकाचे जुने अंक पाहिले. गावाचं नाव दोनदा सापडलं, शाळेचं एकदाही नाही. त्यापेक्षा १९५५ पासूनची 'सुवार्ता' जास्त कामाला आली, कारण शाळांच्या बातम्या आणि गुरुजींचे निरोप समारंभ मराठीतून तिथे छापून येत.

मे २०२५ मध्ये एक साधं काम उरलं होतं: शाळेच्या जमिनीचं क्षेत्रफळ लिहायचं. ते न्यासाच्या नोंदवहीत, म्हणजे धर्मादाय कार्यालयाच्या शेड्यूल वनमध्ये, मिळालं. पण जमीन आली कुठून ते त्यात नव्हतं. गावात सगळे सांगत, 'चर्चचीच होती.' मी सातबारा काढला. आताचा सातबारा ऑनलाइन मिळतो, पण त्यात जुनं काही कळत नाही. नावाशेजारी गोलात जे आकडे असतात, ते फेरफार क्रमांक; फेरफार म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद. सगळ्यात जुना क्रमांक धरून तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज करायचा. मी मे महिन्यातच केला, तीन खेपा झाल्या, १९ जूनला नक्कल मिळाली. खर्च स्टॅम्प आणि नकलेचा मिळून शंभराच्या आतच. गाडीभाड्याला त्याहून जास्त गेले.

फेरफार १९४९ चा. हस्ताक्षर सुंदर आणि स्पष्ट. जमीन बक्षीसपत्राने दिलेली. देणार एक विधवा बाई, नावापुढे 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा'. आणि शेवटी एक ओळ, जमिनीतल्या विहिरीचं पाणी काढण्याचा हक्क देणारीकडे हयातभर राहील.

मी ती ओळ तहसीलच्या जिन्यात उभी राहून वाचली. लाल लुगडं, रहाट, ओंजळीत पाणी ओतणारी आणि सांडलं की ओरडणारी. ती कुणाची कामवाली नव्हती. ती आपल्याच विहिरीवर येत होती.

पाटीवर त्या वेळच्या धर्मगुरूंचं नाव आहे, इमारतीला देणगी देणाऱ्यांची नावं आहेत. तिचं नाव कुठेच नाही. यात कुणाचा वाईट हेतू होता असं मला वाटत नाही. तिला लिहिता येत नव्हतं, तिने कधी सांगितलं नसेल, आणि कागद कुणी पाहिला नाही. पण पंच्याहत्तर वर्षं शाळेतली मुलं तिच्या जमिनीवर कवायत करत होती आणि तिला चर्चची बाई म्हणत होती, हे मला सहन होईना.

तिच्या नातवांना भेटायला २९ जूनला गेले. एकटी गेले नाही, फादरांना बरोबर नेलं. जमिनीचा विषय म्हटला की घरं बिचकतात. आम्हाला काही मागायचं नाही आणि काही परत द्यायचंही नाही, हे आधीच सांगावं लागतं. थोरल्या नातवाने नक्कल हातात घेतली आणि कितीतरी वेळ फक्त अंगठ्याच्या शब्दावर बोट ठेवून बसले. त्यांना जमीन दिल्याचं माहीत नव्हतं. त्यांना एवढंच आठवत होतं, की आजी दुपारी जेवण झाकून ठेवून 'पोरांना पाणी द्यायला' जायची. त्यांनी नाव छापायला परवानगी दिली, लेखी दिली, आणि एकच अट घातली: तिच्या नावापुढे 'दानशूर' असं काही लिहायचं नाही. मी फेरफाराची ओळ जशीच्या तशी छापली.

पुढचं भराभर सांगते. जुलै ते सप्टेंबर टंकलेखन आणि तीन वेळा मुद्रितं तपासणं. १३२ पानं, ८०० प्रती, छपाई आणि बांधणी मिळून १,७६,००० रुपये. बरेचसे माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून, उरलेले शुभेच्छांच्या पानांतून. माझा स्वतःचा खर्च छोट्या स्कॅनरसह साडेनऊ हजारांच्या आसपास झाला. छापखान्यात देताना मजकूर युनिकोडमध्येच आहे ना, हे आधी विचारा. आमच्या पहिल्या मुद्रितात सगळे रफार उडाले होते. फोटोंच्या मागे पेनने लिहू नका, शिसपेन वापरा आणि फोटो देणाऱ्याला पोचपावती द्या. आमच्याकडे १४० फोटो आले आणि सगळे परत गेले, ते या पोचपावत्यांमुळे.

सगळ्यात जास्त चर्चा झाली शेवटच्या लेखावर. मला आजचं लिहायचं होतं. पाचवीला आता एकच तुकडी आहे. पट घटला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून पदं ठरवताना, शिक्षकांची पदं जातात, आणि आमच्या गावातली निम्मी मुलं पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळांत जातात. समितीतल्या काहींना वाटत होतं, आनंदाच्या अंकात हे नको. मी म्हटलं, शाळा सोडण्याच्या कारणांचा रकाना आपण १९४७ पासून छापतो आहोत, तो २०१० ला कसा थांबवायचा? दोन बैठका झाल्या. शेवटी एक पान मिळालं. त्यावर शाळेत आज येणारी मुलं कुठून येतात तेही आहे. बरीचशी बांधकामावर, भाजीच्या वाड्यांवर काम करणाऱ्यांची आहेत, वारली आहेत, बाहेरच्या राज्यांतूनही आलेली आहेत. घरी वेगळी भाषा बोलतात आणि मराठी शाळेत शिकतात, जशी आम्ही शिकलो.

रेकॉर्डिंग आणि स्कॅन केलेले कागद तीन ठिकाणी ठेवले आहेत: शाळेत, चर्चमध्ये आणि माझ्याकडे. जन्मतारखा आणि जाती असलेलं काहीही त्यात नाही. कुणाला आपल्या शाळेसाठी अर्जांचे नमुने हवे असतील तर जरूर मागा, मी पाठवते.

७ डिसेंबरला कार्यक्रम झाला. तिचं नाव वाचलं गेलं तेव्हा नातवांचं सगळं घर पहिल्या रांगेत होतं. सभा संपल्यावर पहिल्या तुकडीतले एक आजोबा काठी टेकत माझ्याकडे आले. माझा हात धरून मला विहिरीकडे घेऊन गेले. तिच्यावर आता सिमेंटचं झाकण आहे आणि वर पंपाची मोटर आहे. त्यांनी काठीने जागा दाखवली. रहाट पूर्वेला होता, चिंचेच्या बाजूला, आणि म्हातारी चर्चकडे तोंड करून उभी राहायची. स्मरणिकेतल्या पान ४१ वरच्या नकाशात आम्ही रहाट पश्चिमेला दाखवला आहे. शुद्धिपत्राच्या ८०० चिठ्ठ्या छापून आणल्या आहेत, सहाशे रुपये लागले. ज्यांनी प्रत आधीच नेली आहे त्यांनी शाळेच्या ऑफिसातून चिठ्ठी घेऊन जावी, शनिवारी साडेबारानंतर मी तिथे असते.